संपलेले मॅगझीन

दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीने आम्ही दर मे महिन्यात गावी जातो. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली या पट्ट्यात राहणारी निम्मी कोकणी माणसे त्या गाडीच्या दारात लोंबकळत असतात. आम्ही माणगावला उतरतो. तिथे तहसील कचेरीच्या आवाराजवळ एका सैनिकाचा पुतळा आहे. लहानपणी मला तो शिवाजी महाराजांच्या कुणा मावळ्याचाच वाटे. पुढे वाचता येऊ लागल्यावर कळले, की ते नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस. बाबांना विचारले तर म्हणाले, आपल्याच तालुक्यातले, मिलिटरीत होते, लढाईत गेले. बाबा सुतारकाम करतात, शाळा चौथीपर्यंतच झालेली. त्यांना एवढेच ठाऊक होते, आणि पुतळ्यापुढून जाताना पिशवी खाली ठेवून हात जोडायचे, हे ठाऊक होते.

गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वक्तृत्व स्पर्धेत मी यशवंतरावांवर बोललो. सिंहासारखी झेप, वीरश्री, रणकंदन असे जेवढे शब्द जमले तेवढे सगळे वापरले. तिसरा क्रमांक आला. घरी येऊन मोठ्या अभिमानाने आमच्या चाळीतल्या हवालदार काकांना ते भाषण म्हणून दाखवले. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की यशवंताच्या हातात कोणते हत्यार होते आणि त्यात गोळ्या किती मावतात. मला उत्तर देता आले नाही. मग काका म्हणाले, की हे माहीत नसेल तर तो माणूस का मेला हे तुला कळलेले नाही. तू नुसता पोवाडा गायलास. मला राग आला, पण त्यांचे म्हणणे मनातून जाईना. त्या रागातून मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात फेऱ्या मारू लागलो. हा लेख त्या फेऱ्यांचा आहे.

यशवंतरावांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातील पळसगावचा. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. कोकणात शेती म्हणजे भाताची चार खाचरे आणि बाकी वरकस. घरात दोन मुलगे असले तर एकाने मुंबईची गिरणी धरायची आणि दुसऱ्याने पलटण, असा रिवाजच होता. यशवंतराव पलटणीत गेले. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री, तिची तिसरी बटालियन. त्या काळच्या लष्करी लिखाणात तिला थ्री-फाइव्ह म्हणतात. या बटालियनने मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्याशी झुंज दिली होती. तेव्हा तिचे कमांडिंग ऑफिसर डेनिस रीड होते. तेच रीड पुढे १९४४ साली इटलीत दहाव्या हिंदी डिव्हिजनचे जनरल झाले, आणि थ्री-फाइव्ह त्याच डिव्हिजनमध्ये होती. म्हणजे जनरलसाहेब आपल्याच जुन्या पोरांना पुढे पाठवीत होते.

आता काकांच्या प्रश्नाकडे वळतो. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण तोफा-बंदुकांचाही वंश असतो.

पायदळाचा सर्वांत लहान घटक सेक्शन, दहाएक माणसांचा. त्याचा मुख्य नाईक. या दहा जणांत खरी ताकद एकाच हत्याराची, ती म्हणजे लाइट मशिनगन. बाकीचे रायफलवाले एका परीने तिचे सेवकच. तिची भरलेली मॅगझिने प्रत्येक जण आपल्या छातीवरच्या दोन पिशव्यांत वाहून नेई. त्या कॅनव्हासच्या पिशव्यांचे मापच मुळी मशिनगनच्या मॅगझिनाप्रमाणे ठरवलेले होते.

हिंदी सैन्याची स्वतःची म्हणता येईल अशी एक लाइट मशिनगन होती. तिचे नाव व्हिकर्स-बर्थिए. मूळ रचना बर्थिए नावाच्या फ्रेंच माणसाची, पहिल्या महायुद्धाआधीची. १९२५ च्या सुमारास इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीने तिचे हक्क घेतले. १९३३ मध्ये हिंदी सैन्याने ती स्वीकारली आणि बंगालमधल्या इशापूरच्या रायफल कारखान्यात ती तयार होऊ लागली. गंमत अशी, की खुद्द इंग्रजी सैन्याने ती घेतली नाही. त्यांनी चाचण्या घेऊन चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावची रचना पसंत केली आणि आपल्या एनफील्डच्या कारखान्यात बनवायला घेतली. ब्रनोचे ब्र आणि एनफील्डचे एन मिळून ब्रेन गन हे नाव झाले. ब्रेन जगभर गेली. व्हिकर्स-बर्थिए मुख्यतः हिंदी सैन्यापुरतीच राहिली, तीही थोड्या संख्येने. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी आपल्या कित्येक पलटणी तीच घेऊन परदेशी उतरल्या. पुढे ब्रेन पुरेशी मिळू लागली तशी ती मागे पडली. आज जगातल्या जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांना ती दुर्मिळ म्हणून हवी असते. आपल्याकडे मात्र असे हत्यार खाजगी माणसाला बाळगताच येत नाही, आणि ते बरेच आहे.

दोघी दिसायला सख्ख्या बहिणी. लांबी साडेतीन-पावणेचार फूट, त्यात व्हिकर्स-बर्थिए बोटभर लांब आणि अंगाने सडपातळ. वजन दहा किलोच्या आसपास. पुढे नळीखाली दोन पायांची घोडी, मागे लाकडी दस्ता. नळीतून गोळी सुटते तेव्हा मागच्या वायूचा थोडा अंश एका भोकातून खालच्या लांब नळकांड्यात शिरतो आणि तिथला दट्ट्या मागे ढकलतो. दट्ट्या आपल्याबरोबर वरचा अडसर मागे नेतो, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. मग स्प्रिंग सगळे पुन्हा पुढे आणते आणि येताना नवे काडतूस नळीत सारते. शेवटच्या क्षणी अडसराचे मागचे टोक वर उचलले जाऊन चौकटीत अडकते, दाराची कडी लागावी तसे. कडी लागल्याशिवाय गोळी सुटत नाही. हे सर्व मिनिटाला पाचशेच्या वेगाने. नळी तापून लाल होऊ नये म्हणून ती झटकन बदलण्याची सोय असते. सतत मारा चालू असला, तर दहाएक मॅगझिनांनंतर ब्रेनची नळी बदलायची, अशी शिकवण होती.

दोघींचे मॅगझीन वरच्या बाजूला उभे असते आणि ते पुढे वाकलेले असते. वर का, हे काकांनी सांगितले. खाली असते तर जमिनीला टेकले असते, आणि माणसाला डोके वर काढून झोपावे लागले असते. शिवाय शेजारी पडलेला दोन नंबरचा जवान वरचे रिकामे मॅगझीन काढून भरलेले बसवू शकतो. गोळी मारणाऱ्याला दस्त्यावरचा हात हलवावा लागत नाही. पण मॅगझीन नजरेच्या आड येते, म्हणून नेम धरण्याच्या माश्या डाव्या बाजूला सरकवलेल्या असतात. डावखुऱ्या जवानाची त्यात पंचाईत.

वाकलेले का, हे मला पुस्तकातून समजेना. काकांनी बाबांच्या पेटीतले दोन इंची खिळे मागितले. ओट्यावर एकावर एक असे ते रचायला लावले, सगळी डोकी एकाच बाजूला. दहा-बारा खिळे झाले आणि ती रास आपोआप पंख्यासारखी वाकू लागली, कारण डोकी जाड आणि अंगे बारीक. ३०३ च्या काडतुसाला बुडाशी अशीच बाहेर आलेली कडा असते. १८८० च्या दशकाच्या अखेरीस रायफलीसाठी ते काडतूस ठरले, तेव्हा मशिनगनचे मॅगझीन कुणाच्या मनातही नव्हते. पुढे पन्नास वर्षे त्या एका कडेपायी मॅगझिने वाकडी करावी लागली. भरतानाही प्रत्येक नव्या काडतुसाची कडा आधीच्याच्या कडेपुढे बसवायची. चुकून मागे बसली तर दोघांची गुंतागुंत होऊन ऐन वेळी गन अडते. मॅगझिनात जागा तीस गोळ्यांची, पण स्प्रिंगला जड जाऊ नये म्हणून जाणते लोक अठ्ठावीसच भरत. काकांच्या काळात आपल्या सैन्यात ७.६२ चे काडतूस आले, त्याला अशी कडा नाही, म्हणून त्यांच्या एलएमजीचे मॅगझीन सरळ होते. पण गन तीच, ब्रेनचीच लेक. खिळ्यांचा तो पसारा बघून बाबा म्हणाले, की एवढे कॉलेज करून शेवटी खिळेच मोजायचे होते तर दुकानावर यायचे.

मशिनगन सेक्शनची, आणि नाईकाकडे स्वतःचे असते ते वेगळे हत्यार: टॉमी गन. ही अमेरिकन, थॉम्पसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी. लांबी अडीच-पावणेतीन फूट, वजन जवळजवळ पाच किलो. आकाराच्या मानाने ती फार जड. आत भरीव पोलादाचा अडसर आणि मागे अक्रोडाचा दस्ता. गोळी पिस्तुलाची, पॉइंट फॉर्टीफाइव्ह, जाड आणि आखूड. शेतातल्या दोन बांधांइतक्या अंतरात ती माणसाला आडवा करते, त्यापलीकडे तिचा भरवसा नाही. मॅगझीन खालच्या बाजूला, वीस किंवा तीस गोळ्यांचे. आणि ती मिनिटाला सहाशे ते सातशेच्या वेगाने सुटते.

मी त्याचा हिशेब केला. तीस गोळ्या संपायला तीन सेकंद लागत नाहीत. वीस असतील तर दोन. मॅगझीन बदलायचे म्हणजे अंगठ्याने खटका दाबायचा, रिकामे खाली ओढायचे, पिशवीचे झाकण उघडायचे, भरलेले काढायचे, ते खोबणीला नीट लावून कट् आवाज येईपर्यंत वर सारायचे. सराव असलेल्याला पाच सेकंद. काकांनी मला डब्याच्या झाकणाने हे करून दाखवायला लावले आणि स्वतः आकडे मोजले. माझे अकरा झाले.

समोरच्या बाजूला काय होते? इटलीत जर्मन पायदळाकडे मुख्यतः एमजी ३४ आणि एमजी ४२ या दोन मशिनगन होत्या. त्यांना पेटीसारखे मॅगझीन नव्हे, तर गोळ्यांचा पट्टा लागतो. पन्नास गोळ्यांचा एक पट्टा, त्याला दुसरा जोडता येतो, दुसऱ्याला तिसरा. एमजी ४२ मिनिटाला बाराशे गोळ्या सोडी. बहुतेक भाग पत्रा दाबून केलेले, म्हणून स्वस्त आणि भराभर तयार होणारे. तिचा आवाज सुटा ऐकूच येत नसे. कापड टरकावे तसा एक लांब आवाज. आमचे शास्त्र असे, की गन अचूक असावी आणि गोळी जपून वापरावी. त्यांचे असे, की माणसे थोडी असली तरी चालतील, गोळी आवरू नये. दोन्ही शास्त्रे इटलीच्या डोंगरात समोरासमोर आली.

४ जून १९४४ ला रोम पडले. जर्मन फौजा उत्तरेला मागे सरत होत्या, पण पळत नव्हत्या. मागे सरताना प्रत्येक टेकडीवर एक-दोन मशिनगन ठेवायच्या, पुढे येणाऱ्यांना दिवसभर खोळंबवायचे आणि रात्री पुढची टेकडी धरायची, असा त्यांचा डाव होता. दहावी हिंदी डिव्हिजन टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातून चढत होती. नकाशात पाहिले तर नदी, दोन्हीकडे डोंगर, उतारावर बांध घातलेली शेती. सावित्री आणि काळ नदीच्या काठची माणसे तिथे लढायला गेली होती.

१० जुलै १९४४. थ्री-फाइव्हच्या एका कंपनीने शत्रूच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. यशवंतरावांचा सेक्शन अगदी जवळून मशिनगनच्या माऱ्यात सापडला. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जण एकतर मेला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे नाईक. ब्रेन आणि तिच्यासाठी सगळ्यांनी छातीवर वाहिलेली मॅगझिने गवतात पडलेली. आपल्या मागे आता कुणी नाही, हे त्यांना माहीत होते. लष्करी नोंदीत हे स्पष्ट लिहिले आहे, आणि मला ती ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. आवेशात माणसे मागे आहेत असे समजून धावणे वेगळे.

ते मशिनगनच्या रोखाने धावले. आधी हातबॉम्ब टाकला. त्याने गन निकामी झाली आणि ती चालवणारा मेला. मग टॉमी गनने दुसऱ्याला गोळ्या घातल्या. इथे मॅगझीन संपले. समोर गनवरचे आणखी दोघे होते, हाताच्या अंतरावर. पाच सेकंद नव्हते. यशवंतरावांनी टॉमी गन उलटी करून नळीकडून धरली आणि त्या पाच किलोच्या पोलादाने व लाकडाने दोघांना मारले. मोर्चा हाती आला. तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्याच मोर्चात त्यांनी प्राण सोडला. वय बावीस. आमच्या चाळीत असते तर मी त्यांना दादा म्हणालो असतो.

माझ्या भाषणात मी हे दोघांना मारण्याचे वाक्य गाळले होते. सिंहाची झेप ठेवली होती. आता वाटते, की नेमके तेच गाळायला नको होते. झेप घेणे सोपे वाटते, ऐकणाऱ्यालाही टाळ्या वाजवता येतात. पण तीन सेकंदांत हत्यार रिकामे होणे, आणि दूरवरून चाप ओढण्याऐवजी समोरच्या माणसाचा चेहरा दिसत असताना त्याला दस्त्याने मारावे लागणे, हे टाळ्यांचे काम नाही. ते दोघेही कुठल्यातरी गावचेच असणार. काकांना मी हे बोललो. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, की हे तू स्टेजवर बोल, तुला नंबर मिळणार नाही.

वर्गातल्या एका मित्राचा आक्षेप वेगळा आहे. तो म्हणतो, १९४२ ला इथे माणसे तुरुंगात जात होती, आणि हे इंग्रजांसाठी लढत होते. त्यांचा पुतळा कशाला? आक्षेप खोटा नाही. त्या युद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेले, आणि युद्धात पडायचे की नाही हे इथल्या कुणाला विचारलेही नव्हते. पण त्याच्या प्रश्नात एक गृहीत आहे, की पळसगावच्या पोराला निवड करायला दोन वाटा सारख्या उघड्या होत्या. चार खाचरांच्या घरात कोणती वाट उघडी असते हे मला माहीत आहे. मित्राला ते पुस्तकातून शिकावे लागेल. शिवाय समोर हिटलरची फौज होती. तिला हरवणे हे कुणाच्या का झेंड्याखाली होईना, वाईट काम नव्हते. मी मित्राला पूर्ण पटवू शकलेलो नाही, आणि तोही मला.

नोव्हेंबर १९४४ मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक सोन्याचांदीचे नसते. जुन्या जप्त केलेल्या तोफांच्या कांस्यातून ते ओततात. इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा हिंदी सैनिकांना. त्यांत दोघे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, पहिल्या बटालियनचे. त्यांची लढाई ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीच्या बांधावर झाली. त्यांचा हात जखमी झाल्याने टॉमी गन चालवता येईना, ती टाकून देऊन त्यांनी हातबॉम्बनीच मशिनगनचे मोर्चे बंद पाडले. तिथेही हत्याराने ऐन वेळी साथ सोडली. जाधव परत आले, १९८४ पर्यंत जगले. यशवंतरावांची समाधी नाही. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा सैनिकांच्या यादीत, कॅसिनोच्या स्मारकावर, त्यांचे नाव कोरलेले आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या पेरूजा प्रांतातल्या मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे सूर्याच्या सावलीने वेळ दाखवणारे घड्याळ आहे.

या मे महिन्यात गावी जाताना गाडीत बसायला जागा मिळाली, म्हणून बाबांना हे सगळे पहिल्यापासून सांगितले. खिळ्यांची गोष्ट त्यांना आठवत होती. टॉमी गनचा दस्ता अक्रोडाचा होता म्हटल्यावर, ते लाकूड चिरत नाही, असे म्हणाले. मग पनवेल गेले, पेण गेले, ते काहीच बोलले नाहीत. पेणच्या पुढे त्यांनी विचारले, की ते पदक मग घेतले कुणी. मी सांगितले, १९४५ साली दिल्लीला व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या बायकोने घेतले. बाबांनी विचारले, की पळसगावाहून दिल्लीला तिच्यासोबत कोण गेले असेल.

माणगावला उतरलो तेव्हा ऊन चढले होते. बाबांनी नेहमीप्रमाणे पिशवी खाली ठेवली.